संकल्पचित्राचे पान कुंपणावरून घ्यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी पावसाळ्यात शाळाशाळांतून जोरात चालते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती यांच्या जोडीला संकल्पचित्राचा पेपर असतो. दिलेल्या आकारात पाने-फुले घेऊन नक्षी भरायची. या पेपरच्या सरावाच्या वह्या चाळल्या, तर जिल्हा कोणताही असो, पान एकच दिसते: मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर चार-चार शिरा आणि टोकाला वळसा. फूल पाच सुट्या पाकळ्यांचे, मधे गोल. हे पान कुठल्या झाडाचे, असे विचारले तर मुलाला सांगता येत नाही. कारण ते मार्गदर्शक पुस्तकातल्या नमुन्यावरून घेतलेले असते आणि तो नमुनाही आधीच्या कुठल्या तरी नमुन्यावरून आलेला असतो. दरवेळी उतरवताना झाडाची एकेक खूण गळते आणि शेवटी कुठल्याच झाडाचे नसलेले पान उरते.

‘सर, काही सुचतच नाही’ ही वर्गातली नेहमीची तक्रार आहे आणि ती खरी आहे. जे कधी नीट पाहिलेच नाही, ते कागदावर सुचणार कसे? चित्रकला शिकवणारे म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक संकल्पचित्राच्या आधी मुलाने एक जिवंत फांदी समोर ठेवून काढलेली असावी. त्यासाठी लागणारी झाडे बहुतेक शाळांच्या कुंपणावर आहेत, सामान मोजकेच लागते आणि वेळ एका तासिकेचा पुरतो. ते कसे करायचे, हे थोडे तपशिलात लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. हा मार्ग आम्ही नव्याने काढलेला नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचा साचा गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या टोकदार कमानींच्या शैलीचा आहे. पण तिच्यावरची नक्षी घडवण्याच्या कामाला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. खांबांच्या माथ्यांवर, कमानींच्या कोपऱ्यांत त्या नक्षीत पाने, वेली, मोर, माकडे आहेत. त्याच संस्थेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. ते काम १८८५ पर्यंत चालले. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांची छते मान वर करून पाहिली, तर चौकटीचौकटींत कमळे, कळ्या, फळे आणि हंस आहेत. कमळाचा देठ चौकटीच्या कोपऱ्यात कसा वळवून बसवला आहे, एवढेच निरखले तरी दिलेल्या आकारात नक्षी कशी भरावी याचा धडा मिळतो. त्याच्याही आधी, १८४७ ते १८५० च्या दरम्यान, पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव नोंदले गेलेले नाही, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते.

आता कृती. ए-५ आकाराची, १५० ते २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या, म्हणजे जाड) कागदाची वही घ्यावी. साध्या वहीच्या पातळ कागदावर दोनदा खोडले की तो खरवडतो. एक एचबी आणि एक २बी पेन्सिल पुरते. टोक कटरने करावे आणि शिसे सुमारे एक सेंटिमीटर उघडे ठेवावे, म्हणजे उभी धरून बारीक रेघ आणि आडवी धरून रुंद छटा एकाच पेन्सिलीने येते. शार्पनरने केलेल्या आखूड टोकाने हे जमत नाही.

झाड निवडताना सुरुवातीला शेवगा, चिंच, गुलमोहर यांच्या वाटेला जाऊ नये. बारीक पर्णिकांचा गोंधळ होतो आणि मूल कंटाळते. जास्वंद, सदाफुली, तगर, कण्हेर, पेरू, तुळस ही सोपी. फांदी पाच ते सात पानांची असावी. शक्यतो झाडावरच काढावी. तोडायचीच असेल तर सकाळी तोडून देठ लगेच पाण्याच्या बाटलीत बुडवावा. तेरड्यासारखी रसरशीत झाडे तोडल्यावर बघता बघता माना टाकतात आणि मग मूल कोमेजलेले पान काढत बसते. फांदी डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी, मागे पांढरा कागद उभा करावा, उजेड एकाच बाजूने यावा. टेबलावर आडवी ठेवलेली फांदी वरून बघितली तर सगळी पाने चपटी दिसतात आणि चित्रही चपटे येते.

पहिली पाच मिनिटे पेन्सिल खाली ठेवायची. फांदी फिरवून बघायची. पाने खोडाला कशी लागली आहेत, हा पहिला प्रश्न. जास्वंदीला एका पेरावर एकच पान येते, पुढचे पान दुसऱ्या दिशेला. सदाफुली, पेरू, रुई, तुळस यांना समोरासमोर दोन. तुळस आणि रुईत आणखी एक गंमत असते, खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर. म्हणून वरून पाहिले की फुलीची रचना दिसते. तुळशीचा दांडा बोटांत फिरवला तर चौकोनी लागतो. कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पाने, सप्तपर्णीला पुष्कळदा सात. ही मांडणी म्हणजे झाडाने आधीच करून ठेवलेली नक्षी आहे. ती मुलाच्या ध्यानात आली की ‘काय काढू’ हा प्रश्न बराचसा सुटतो.

मग काढायला लागायचे. पहिली रेघ खोडाची. तिच्यावर पेरांच्या खुणा. प्रत्येक खुणेपासून पानाचा देठ आणि मधली शीर एकाच सलग रेघेत, पानाचे टोक येईपर्यंत. सगळ्या पानांच्या मधल्या शिरा बसल्याशिवाय एकाही पानाची कड काढायची नाही. नेमकी इथेच बहुतेक मुले घसरतात. पहिले पान अगदी टोकापर्यंत, शिरांसकट पूर्ण करतात, मग दुसऱ्याला जागा उरत नाही किंवा ते भलत्याच कोनात येते. देठ एका दिशेला आणि मधली शीर दुसऱ्या दिशेला, ही दुसरी नेहमीची चूक. असे पान खोडावर चिकटवल्यासारखे दिसते.

आपल्याकडे वळलेले पान सगळ्यांत अवघड जाते. त्याची लांबी दिसते त्याहून जास्त असल्याचे मुलाला माहीत असते, म्हणून हात आपोआप लांब काढतो. तेव्हा पेन्सिल हात ताणून डोळ्यांसमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि दिसणारी लांबी अंगठ्याने मापून शेजारच्या सपाट पानाशी ताडून बघावी. ती बहुतेकदा निम्म्याच्या आसपास भरते. आधी मधल्या शिरेचा बाक, मग जवळची कड, मग लांबची कड, आणि पान उलटले असेल तिथे खालची बाजू फिकट ठेवायची. शिरा सर्वांत शेवटी आणि सगळ्या नाहीतच. दोन पानांवर पूर्ण काढाव्यात, बाकीच्यांवर दोन-तीन सुचवाव्यात. त्या मधल्या शिरेतून फुटताना पुष्कळ पानांत नेमक्या समोरासमोर नसतात, थोड्या वर-खाली असतात. हे एकदा दिसले की मार्गदर्शकातले शिडीसारखे पान मुलाला आपोआप खटकू लागते.

फुलासाठी एकेरी जास्वंदीइतका चांगला गुरू नाही. पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली जाते. पाचही जणींचे असे चक्र जुळते, म्हणून फूल फिरल्यासारखे वाटते. फिरण्याची दिशा फुलाफुलांत बदलते, तीही तपासून काढावी. मुले पाकळ्या एकमेकींना नुसत्या टेकवून काढतात किंवा एक पाकळी सर्वांच्या वर आणि एक सर्वांच्या खाली ठेवतात, तिथे ते फिरणे थांबते. मधल्या लांब दांड्यावर वरच्या बाजूला पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली लाल ठिपके असतात. फूल उलटे करून बघावे. हिरव्या पेल्याच्या खाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचे आणखी एक कडे आहे. संकल्पचित्रात फुलाची मागची बाजू क्वचितच कुणी वापरते, खरे तर नक्षीला ती पुढच्या बाजूइतकीच उपयोगी पडते. तगर आणि देवचाफा यांच्या पाकळ्यांतही असेच चक्र आहे. पारिजातकाच्या पाकळ्यांची संख्या मात्र एकाच झाडाखाली वेगवेगळी भरते, मोजायला लावावी.

वीस मिनिटांत जेवढे होईल तेवढे पुरे. उरलेल्या वेळात चित्राशेजारी शब्दांत टिपणे करायची: झाडाचे नाव, तारीख, जागा, पानाची खरी लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वरचा रंग, खालचा रंग, वास, चीक येतो का. एक पान कागदावर ठेवून त्याचा पेन्सिलीने बाह्याकार घ्यावा. फोटो काढायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग नंतर रंग आठवण्यापुरता करावा. एका पानामागे दुसरे पान किती खोल गेले आहे ते फोटोत सपाट होते आणि फोटोवरून काढणाऱ्या मुलाला फांदी फिरवून शंका फेडून घेता येत नाही.

रंगाबद्दल थोडेसे. पेटीतला व्हिरिडियन किंवा सॅप ग्रीन नळीतून काढून तसाच लावला, की आंबा, वड आणि पेरू सगळे एकाच रंगाचे होतात. हिरवा मिसळून करावा. गॅम्बोज पिवळ्यात प्रशियन ब्ल्यू घातला तर गडद, दाट हिरवा येतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा मवाळ असतो. प्रशियन ब्ल्यू फार जोरकस, म्हणून नेहमी पिवळ्यात निळा घालत जावे, चार-पाच भागांना एक भाग इतपत. निळ्यात पिवळा घालायला गेले तर अर्धी नळी संपते आणि हिरवा काही येत नाही. जुन्या पानासाठी त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना. आंब्याची कोवळी पालवी मुळात हिरवी नसतेच, तिथे बर्न्ट सिएना आणि थोडा क्रिमसन. पावसाळी हवेत जलरंग लवकर वाळत नाही, पहिला थर ओला असताना दुसरा लावला की कडा फुटतात. त्या दिवसांत पेन्सिल आणि काळ्या पेनवर भर द्यावा, रंगाचे नमुने बाजूला छोट्या चौकोनांत लावून ठेवावेत.

आता या अभ्यासातून नक्षी कशी काढायची? चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि या झाडाच्या कोणत्या तीन खुणा काहीही झाले तरी सोडायच्या नाहीत, हे ठरवून लिहून काढावे. कण्हेरीसाठी अरुंद लांब पान, एका पेरावर तीन पाने, टोकाशी फुलांचा झुबका. आपट्यासाठी दोन दळांचे पान, मधली खाच, देठाशी जमणाऱ्या शिरा. या तीन खुणा राखून बाकी सगळे मोकळेपणाने बदलावे, ताणावे, वाकवावे. असा तयार झालेला आकार म्हणजे नक्षीचा घटक. एकाच घटकाची तीन रूपे करावीत: नुसती रेघ, भरीव काळा आकार, आणि काळ्यावर पांढरा. भरीव काळ्या आकारात झाड ओळखू आले नाही, तर घटक अजून कच्चा आहे असे समजावे. पैठणीच्या पदरावरची असावली वेल बघावी. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांत गोल वळण नेमके बसत नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनीच साधावे लागते, तरी वेल वेलच वाटते, कारण वळण आणि फुटवा हे दोन्ही विणकराने राखलेले असतात.

सलग पसरणारी नक्षी हवी असेल तर आम्हाला सर्वांत भरवशाची वाटणारी रीत अशी. १२ सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या. मधोमध नक्षी काढा, कडांना कुठेही टेकू देऊ नका. मागे चारही कोपऱ्यांत १ ते ४ आकडे घाला. कागद उभा मधोमध कापा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा मधोमध कापा, वरचा खाली, खालचा वर. आता पहिली नक्षी चार कोपऱ्यांत गेली आणि मधे मोकळी जागा आली. ती जागा पानांनी, कळ्यांनी भरा, पण बाहेरच्या कडेला हात लावू नका. हा चौकोन चार वेळा ट्रेस करून शेजारीशेजारी ठेवला की जोड दिसत नाही. बिघडते ते तीन कारणांनी. कापताना दोन मिलिमीटर जरी सरकले तरी वेल तुटते, त्यासाठी स्टीलची पट्टी आणि नवे पाते हवे. तुकडा अदलाबदलीत फिरवला जातो, आकडे त्यासाठीच. आणि दुसऱ्या वेळी भरताना एखादे पान कडेबाहेर गेले तर पुढच्या चौकोनात अर्धवट पान उरते.

चार चौकोन जोडून झाले की चित्र भिंतीला लावून आठ-दहा फुटांवरून, डोळे अर्धवट मिटून बघावे. जवळून न दिसणाऱ्या रिकाम्या जागांच्या तिरक्या रांगा लांबून लगेच उठून दिसतात. एखादी कळी किंवा मुडपलेले पान घालून ती रांग मोडावी. पोस्टर रंगात भरताना रंग दाट ताकाइतका असावा. पातळ झाला तर ब्रशचे पट्टे उमटतात, फार घट्ट लावला तर वाळल्यावर तडकतो. एका छटेचा रंग सगळीकडे पुरेल इतका एकदाच कालवावा. संपल्यावर परत कालवलेला कधीही तंतोतंत जुळत नाही. आणि तो ओला वेगळा, वाळलेला वेगळा दिसतो, म्हणून आधी फालतू कागदावर लावून वाळवून बघायचा. तीन रंग आणि त्यांच्या फिकट-गडद छटा एवढ्यात नक्षी बसवावी.

शहरातल्या फ्लॅटमध्ये झाड कुठून आणायचे, असे पालक विचारतात. मंडईच्या पिशवीत आहे. भेंडी आडवी कापली की पाच कोनांची चांदणी मिळते, काकडीत तीन भाग दिसतात, लिंबात आठ-दहा फोडी. दोडक्याला दहा धारा असतात, कापलेल्या चकतीची कड त्यामुळे चक्रासारखी दिसते. भेंडीचे ठसे लहानपणी सगळेच करतात, पण ठशापाशीच थांबतात. ती चकती पाच पट मोठी करून काढायला सांगावी, बिया कुठे आणि किती अंतरावर आहेत ते दाखवून. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि कापूस ही एकाच कुळातली झाडे, म्हणून भेंडीचे फूल पाहिले की जास्वंद आठवते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना तर कापसाचे शेतच समोर आहे. तिथले फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्याला तीन झालरदार हिरव्या पानांचे वेष्टन असते आणि फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या कडक, टोकदार असतात. कळी, फूल, बोंड, फुटलेला कापूस या चार अवस्था एका काठात ओळीने बसवल्या, तर गावाची ओळख सांगणारी नक्षी होते. इतके समोर असताना त्या मुलांच्या वहीत ट्यूलिप यावे, हे आम्हाला फार लागते.

प्रवासाचेही तसेच. डोंगर काढ म्हटले की दोन त्रिकोण, मधे अर्धा सूर्य, खाली नदी. हे चित्र काढणारे मूल रोज ज्या डोंगराखालून शाळेत येते, तो बहुतेकदा त्रिकोणी नसतो. सह्याद्री आणि त्याचे फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, मग पुन्हा कडा. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि पुष्कळदा सपाट माथ्याचे. पाचगणीचे टेबललँड हे त्याचे ठळक उदाहरण, त्यावर जांभ्याचे टोपण आहे. डोंगर काढताना आधी आडव्या थरांच्या फिकट रेघा टाकाव्यात आणि मग बाह्याकार. पावसाळ्यात ओहोळ नेमके कड्यावरून उभे पडतात आणि उतारावर नागमोडी होतात, हेही मग आपोआप बरोबर येते. मागचा डोंगर पुढच्यापेक्षा फिकट आणि निळसर, हा हवेचा परिणाम. तीन रांगा असतील तर सर्वांत मागची आधी, सर्वांत जास्त पाणी घालून.

एसटीच्या खिडकीतून काढता येत नाही, ही तक्रार बरोबर आहे. गाडी हलते, देखावा पळतो. तिथे वेगळा सराव करावा. एक मिनिट बाहेर बघायचे, डोळे मिटायचे, जे उरले ते बॉलपेनने दोन मिनिटांत वहीत उतरवायचे. खोडायचे नाही. हा स्मरणचित्राच्या पेपरचाच सराव आहे आणि परीक्षेतल्या बसस्टँडच्या, बाजाराच्या चित्रांत माणसे खेळण्यातली वाटतात ती हा सराव नसल्यामुळे. गाडी थांबली की उपाहारगृहाच्या काउंटरवरची किटली, टपावर टाकलेली बोचकी, बाकावर पाय मुडपून बसलेल्या आजी. एका पानावर एकच गोष्ट. घरात अडकित्ता, पाटा-वरवंटा, समई असेल तर ती काढावी, पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांच्या आणि अडकित्त्यांच्या दालनात एक दुपार बसावे. तिथे रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पाने, मोर, पोपट कसे आले आहेत ते बघता येते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकले आणि गावी परतले. रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला, १९३१ मध्ये निधन होईपर्यंत गावाला घट्ट धरून राहिले. त्यांची चित्रे पाहिलेल्या कोल्हापूरच्या मुलाने आज संध्याकाळी त्याच तळ्यावर जाऊन बसावे, इतके ते सोपे आहे.

मुलांना बाहेर नेताना काही पथ्ये शिक्षकांनी पाळलीच पाहिजेत. गाजरगवताला हात लावू देऊ नये, अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. म्हणून ही दोन्ही झाडे जागेवरच काढावीत, तोडू नयेत, नंतर हात धुवावेत. कळलावीचे लाल-पिवळे, मागे वळलेल्या पाकळ्यांचे फूल आणि टोकाला गुंडाळणारे पान नक्षीसाठी अप्रतिम, पण तिचा कंद जीवघेणा आहे. कास पठारावर सहल नेली तर एकही फूल तोडायचे नाही आणि आखलेली वाट सोडायची नाही. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. तिथली सोनकी, तेरडा, गेंद यांची मुळे पातळ मातीच्या थरात असतात आणि पायाखाली ती माती दाबली जाते. वाटेच्या कडेला बसून जे दिसेल ते काढावे, तेवढे पुष्कळ होते.

आपल्या दैनिकाद्वारे तीन विनंत्या करतो. शाळांना: जून ते सप्टेंबर या काळात आठवड्याची एक चित्रकलेची तासिका मैदानाच्या कडेला घ्यावी. परीक्षा घेणाऱ्या कला संचालनालयाला: संकल्पचित्राच्या प्रश्नात नुसते ‘पाने-फुले’ न म्हणता जास्वंद, कण्हेर, आपटा, कापूस अशा सर्वत्र आढळणाऱ्या दोन-तीन झाडांची नावे द्यावीत आणि तपासताना त्या झाडाची मांडणी राखली आहे का, याला काही गुण ठेवावेत. यासाठी एका ओळीची सूचना पुरेल, अभ्यासक्रम बदलावा लागणार नाही. आणि आपल्या दैनिकाला: मुलांच्या पानावर दर महिन्याला त्या त्या विभागात फुललेल्या एका झाडाचे नाव आणि त्याचे साधे रेघांचे चित्र छापावे. श्रावणात तेरडा, भाद्रपदात सोनकी, जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, त्यामागोमाग पळस, एप्रिल-मेमध्ये बहावा. कोकण, देश, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ यांसाठी वेगवेगळी यादी लागेल. ती यादी आणि चित्रे वर्षभर विनामूल्य करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही कलाशिक्षक